शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र: ते काय असते, कोणाला लागते आणि सुरुवात कुठून करावी

थोडक्यात

शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र हे सरकारी योजनेतून मिळणारे कार्ड नाही. त्यासाठी मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज करता येत नाही, आणि गावच्या किंवा शहरातल्या बाजारात मासळी विकण्यासाठी ते लागतही नाही. काही परदेशी खरेदीदार ते मागतात, कारण हा मासा धरल्यामुळे समुद्रातला साठा संपत चाललेला नाही याचा पुरावा त्यांच्या ग्राहकांना हवा असतो. ते मिळवणे ऐच्छिक आहे. मात्र निर्यातीसाठी लागणारी दुसरी काही कागदपत्रे बंधनकारक असतात. या दोहोंत गल्लत झाल्यामुळे मच्छीमार संस्थांचा वेळ आणि पैसा वाया जाऊ शकतो, म्हणून आधी तो फरक पाहू.

बंधनकारक कागद आणि ऐच्छिक शिक्का

युरोपीय संघात समुद्रातून धरलेली मासळी पाठवायची असेल, तर 1 जानेवारी 2010 पासून प्रत्येक मालासोबत 'कॅच सर्टिफिकेट' लागते. ही मासळी नोंदणीकृत बोटीने, परवान्यानुसार आणि कायदेशीररीत्या धरली आहे, एवढेच त्यात नमूद असते. साठा टिकून आहे की नाही, याबद्दल त्यात काहीही नसते. भारतात हा दाखला सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे 'एम्पेडा', प्रमाणित करते. मासळी खाण्यास सुरक्षित असल्याचे आरोग्य प्रमाणपत्र वेगळे असते. ते निर्यात तपासणी परिषदेच्या यंत्रणेकडून मिळते.

शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र या दोन्हींहून निराळे आहे. ते खाजगी, पण जगभर मान्यता असलेल्या मानकांवर दिले जाते. समुद्रातून धरलेल्या मासळीसाठी सर्वांत जास्त विचारले जाणारे मानक मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचे आहे. ही संस्था 'एमएससी' या नावाने ओळखली जाते. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर आणि युनिलिव्हर यांनी मिळून 1997 मध्ये तिची स्थापना केली आणि 1999 पासून ती स्वतंत्रपणे काम करते. परदेशी दुकानांतल्या पाकिटावर माशाच्या आकाराची खूण असलेला जो निळा शिक्का दिसतो, तो याच संस्थेचा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1995 मध्ये जबाबदार मासेमारीची आचारसंहिता स्वीकारली आणि अशा शिक्क्यांसाठी 2005 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. आजची मानके त्याच चौकटीत बसवलेली आहेत.

शब्दाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीतल्या 'फिशरी' या शब्दाला मराठीत नेमका एक शब्द नाही. सरकारी मजकुरात त्याचे भाषांतर कधी 'मत्स्यव्यवसाय', कधी 'मत्स्यपालन' असे होते आणि वाचणाऱ्याला वाटते की प्रमाणपत्र तळ्याला किंवा कंपनीला मिळते. प्रत्यक्षात ठरावीक जागी, ठरावीक साधनाने, ठरावीक जातीचा मासा धरणाऱ्या ठरावीक लोकांच्या मासेमारीला ते मिळते. या चारांपैकी एक गोष्ट बदलली की प्रमाणपत्र लागू राहत नाही. त्याच खाडीत, त्याच होडीतून, पण दुसऱ्या जाळ्याने धरलेल्या मासळीवर तो शिक्का लावता येत नाही.

अष्टमुडीच्या तिसऱ्या

भारतात एमएससीचे पहिले प्रमाणपत्र नोव्हेंबर 2014 मध्ये मिळाले. ते मोठ्या ट्रॉलरच्या ताफ्याला मिळाले नाही. केरळच्या कोल्लम जिल्ह्यातल्या अष्टमुडी सरोवरात हाताने शिंपले गोळा करणाऱ्यांना मिळाले. शास्त्रीय भाषेत या शिंपल्याचे नाव पॅफिया मलबारिका. हीच जात कोकणच्या खाड्यांतही मिळते आणि आपण तिला तिसऱ्या म्हणतो.

अष्टमुडी हे समुद्राला मिळणारे खाऱ्या पाण्याचे मोठे सरोवर आहे आणि 2002 पासून ते रामसर यादीतले पाणथळ क्षेत्र आहे. नींडकराजवळ ते समुद्राला मिळते. त्या मुखाजवळच्या वाळूत तिसऱ्यांचे थर आहेत. छोट्या होडीतून जायचे, लांब दांड्याला लावलेल्या चौकटीच्या जाळीने तळ खरवडायचा किंवा उथळ पाण्यात उतरून हाताने वेचायचे, ही इथली पद्धत. किनाऱ्यावर त्या उकडून आतले मांस काढले जाते. गोळा करणे, साफ करणे, प्रक्रिया आणि विक्री मिळून सुमारे 3,000 लोकांचा रोजगार यावर अवलंबून होता.

व्यापारी प्रमाणावर हे काम 1981 च्या सुमारास सुरू झाले. व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया इथून मागणी आली. 1991 मध्ये वर्षाला 10,000 टन तिसऱ्या निघाल्या. 1993 मध्ये उत्पादन निम्म्यावर आले. दोन वर्षांत असे होते तेव्हा कारण शोधायला लांब जावे लागत नाही: वाढ पूर्ण होण्याआधीच तिसऱ्या उपसल्या जात होत्या.

त्यानंतर जे नियम लागू झाले, ते समजून घेण्यासारखे आहेत, कारण पुढे प्रमाणपत्र याच नियमांच्या जोरावर मिळाले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासातून तिसऱ्यांचा प्रजननकाळ समजला होता. त्यानुसार डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने वेचणी बंद ठेवण्यात आली. जाळीचा आस किमान 30 मिलिमीटर ठरला, म्हणजे बारीक तिसऱ्या आपोआप खाली गळून पडाव्यात. यंत्राने तळ उपसण्यावर बंदी आली. आणखी एक नियम निर्यातीच्या बाजूने घातला गेला: एक किलो मांसात 1,400 पेक्षा जास्त नग नसावेत.

हा शेवटचा नियम वरवर किरकोळ वाटतो, पण सर्वांत हुशारीचा तोच आहे. तिसऱ्या जितक्या लहान, तितके किलोमागे नग जास्त. त्यामुळे सरोवरात प्रत्येक होडीमागे निरीक्षक ठेवण्याची गरज उरत नाही. कारखान्यात किलोभर मांस घेऊन मोजले की माल कोवळा आहे की वाढलेला ते कळते. निर्यातदार कोवळा माल नाकारू लागला की वेचणाराही तो उचलत नाही. जो नियम खरेदीच्या वजनकाट्यावर तपासता येतो, तो पाळला जाण्याची शक्यता जास्त असते.

उत्पादन सावरले आणि पुढची अनेक वर्षे 10,000 टनांच्या आसपास राहिले. प्रमाणपत्राची प्रक्रिया त्यानंतर आली. त्यासाठी मच्छीमार, निर्यातदार, केरळचा मत्स्य विभाग, संशोधक आणि स्वयंसेवी संस्था यांची एक व्यवस्थापन परिषद स्थापन झाली, कारण नियम कोण ठरवतो आणि बदलतो, हे कागदावर स्पष्ट असणे ही एमएससीची अट आहे. नियम आणि प्रमाणपत्र यांच्यामध्ये सुमारे वीस वर्षे गेली, हे लक्षात घ्यावे. प्रमाणपत्रामुळे तिसऱ्या वाचल्या असे सांगितले जाते, पण क्रम उलटा आहे. तिसऱ्या नियमांमुळे वाचल्या आणि त्या वाचल्या म्हणून प्रमाणपत्र मिळू शकले.

पुढची गोष्ट तितकी सुखाची नाही. गेल्या काही वर्षांत अष्टमुडीतले तिसऱ्यांचे उत्पादन पुन्हा खूप घटले. प्रदूषण, हवामान आणि पाण्याच्या खारेपणातले बदल ही कारणे सांगितली जातात. त्यात बाहेरून आलेल्या मायटेला स्ट्रिगाटा या अमेरिकी शिंपल्याने सरोवराचा तळ व्यापला आहे. तो आपल्याकडच्या शिणाण्यासारखा दिसतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या विळिंजम केंद्रात तिसऱ्यांचे बीज तयार करून लाखोंच्या संख्येने सरोवरात सोडले आहे. वेचणाऱ्यांनी बंदीकाळ पाळला, जाळीचा आस पाळला, तरी सांडपाणी किंवा परकी जात त्यांच्या हातात नसते. मासेमारीचे मानक मुख्यतः मासेमारीची तपासणी करते. सरोवराचे बाकीचे आरोग्य ज्यांच्या जबाबदारीत येते, त्यांच्यावर त्या मानकाची सक्ती चालत नाही.

तपासणी कशी होते

एमएससी स्वतः तपासणी करत नाही. ती मानक ठरवते. मूल्यांकन मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रमाणन संस्था करते आणि तिचे शुल्क अर्जदार देतो. अर्जदार म्हणजे मच्छीमारांची संस्था, निर्यातदारांचा गट, सरकारी विभाग किंवा यांची एकत्रित समिती असू शकते.

बहुतेक ठिकाणी आधी पूर्व-मूल्यांकन केले जाते. त्यात त्रुटी कळतात आणि त्याचा अहवाल गोपनीय ठेवता येतो. पूर्ण मूल्यांकनात तीन तत्त्वे पाहिली जातात. माशाचा साठा पुरेसा आहे का आणि तो किती धरला जातो. इतर जाती, कासवे, समुद्रतळ यांवर काय परिणाम होतो. आणि नियम करणारी, ते पाळायला लावणारी व्यवस्था काम करते का. प्रत्येक तत्त्वाखाली अनेक निर्देशांक असून प्रत्येकाला 100 पैकी गुण दिले जातात. एकाही निर्देशांकात 60 पेक्षा कमी गुण आले तर अर्ज नापास होतो. प्रत्येक तत्त्वाची सरासरी किमान 80 असावी लागते. एखाद्या निर्देशांकात 60 ते 80 च्या दरम्यान गुण असतील तर प्रमाणपत्र मिळते, पण अटीसह, आणि ती त्रुटी ठरलेल्या मुदतीत दूर करावी लागते. मसुदा अहवाल जाहीर होतो आणि संबंधित कोणीही त्यावर हरकत नोंदवू शकतो. प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षे असते आणि दरम्यान पाठपुरावा तपासण्या होतात.

एवढ्यावर शिक्का लावता येत नाही. बंदरापासून दुकानापर्यंत ज्या ज्या व्यवसायाच्या ताब्यात हा माल येतो, त्या प्रत्येकाला 'चेन ऑफ कस्टडी' हे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते, जेणेकरून प्रमाणित मासळीत दुसरी मिसळली जाऊ नये. पाकिटावर शिक्का छापायचा असेल तर परवाना आणि त्याचे शुल्क वेगळे.

आपल्या किनाऱ्यावर अडचण कुठे येते

मालदीवमध्ये एकेक कुपा गळाने धरण्याच्या मासेमारीला 2012 मध्ये हे प्रमाणपत्र मिळाले. आपल्या लक्षद्वीपमध्ये, विशेषतः मिनिकॉय बेटावर, कुपा धरण्याची पद्धत तशीच आहे: जिवंत आमिष पाण्यात टाकायचे आणि काठीला बांधलेल्या गळाने मासे होडीत ओढायचे. एक साधन, मुख्यतः एक जात, नको असलेली मासळी जवळजवळ नाही. अशा मासेमारीचे मूल्यांकन करणे तुलनेने सोपे.

मुंबई किंवा रत्नागिरीच्या बंदरात ट्रॉलर रिकामा होताना पाहिला तर प्रश्न लगेच कळतो. एकाच ओढीत कोळंबीसोबत ढोमा, राणी मासा, माकूल, वाकटी आणि बरीच बारीक मासळी येते. यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या जातीच्या साठ्याची माहिती मूल्यांकनात द्यावी लागते. उष्ण प्रदेशातली ही बहुजातीय मासेमारी मानकाच्या साच्यात सहज बसत नाही, कारण तो साचा थंड समुद्रांत एकाच जातीच्या मागे जाणाऱ्या मोठ्या ताफ्यांच्या अनुभवातून घडला. छोट्या होड्यांच्या मासेमारीवर हा अन्याय होतो, अशी टीका जगभर होते आणि ती रास्त आहे. मूल्यांकनाचा खर्च मोठ्या कंपनीला झेपतो. वीस होड्यांच्या सहकारी संस्थेला निर्यातदार, सरकार किंवा दाता संस्था यांच्या मदतीशिवाय तो झेपत नाही. म्हणून शिक्क्यामुळे भाव वाढेल असे कोणी सांगितले, तर वाढीव भावातला किती हिस्सा वेचणाऱ्यापर्यंत येणार, हे आधी लेखी ठरवून घ्यावे.

कासव आणि कोळंबी: एका अटीने बंद झालेली बाजारपेठ

शिक्का ऐच्छिक असला, तरी शाश्वततेची प्रत्येक अट ऐच्छिक नसते. अमेरिकेने 1989 मध्ये कायदा केला की कोळंबीच्या जाळ्यात समुद्री कासवे अडकून मरू नयेत अशी व्यवस्था नसलेल्या देशांकडून समुद्रात धरलेली कोळंबी आयात करायची नाही. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. 1998 च्या अपिलीय निर्णयात अमेरिकेने देशादेशांत भेदभाव केल्याचे म्हटले गेले, पण कासवे वाचवण्यासाठी अशी अट घालता येते हे तत्त्व मान्य झाले. पुढे 2019 मध्ये अमेरिकेने भारताच्या समुद्रातल्या कोळंबीची मान्यता काढून घेतली. तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला ही बंदी लागू नाही. आपली बहुतेक कोळंबी निर्यात तळ्यांतूनच होते, त्यामुळे एकूण आकड्यांत हा फटका ठळक दिसत नाही. ट्रॉलरवर काम करणाऱ्याला मात्र तो भावात जाणवतो.

उपाय म्हणजे 'टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस', बोलीभाषेत टेड. जाळ्याच्या गळ्यात तिरकी बसवलेली ही धातूची जाळीदार चौकट. कोळंबी गजांमधून मागच्या पिशवीत जाते. कासव गजांवर अडते आणि वरच्या किंवा खालच्या फटीतून बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांना साजेसे टेड विकसित केले आहे. फटीतून मासळीही निसटेल, ही मच्छीमारांची भीती अगदीच निराधार नाही. काही घट होतेच. पण कासव आणि मोठे दगडगोटे जाळ्यात न आल्याने आतली कोळंबी चिरडत नाही आणि जाळेही कमी फाटते. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली टेडसाठी पूर्ण अर्थसाहाय्य देण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के.

तळ्यातल्या मासळीसाठी

वाढवलेल्या मासळीला एमएससीचा शिक्का लागू होत नाही. तिच्यासाठी ॲक्वाकल्चर स्टुअर्डशिप कौन्सिल आणि बेस्ट ॲक्वाकल्चर प्रॅक्टिसेस ही मानके आहेत. देशात एम्पेडाची 'शफरी' ही प्रमाणन योजना आहे. प्रतिजैविकांचे अंश नसलेली कोळंबी निर्माण व्हावी यासाठी तिच्यात बीज निर्मितीगृहे आणि कोळंबी तळी यांची तपासणी होते. खाऱ्या पाण्यातल्या कोळंबी शेतीसाठी तटीय जलकृषी प्राधिकरणाची नोंदणी मात्र बंधनकारक आहे. ती नसेल तर पुढच्या प्रमाणपत्राचा विचार करण्यात अर्थ नाही.

योजनांतून काय मिळू शकते

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 मध्ये 20,050 कोटी रुपयांच्या गुंतवणुकीसह सुरू झाली. तिच्यातल्या वैयक्तिक लाभार्थी घटकांत सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना 60 टक्के अर्थसाहाय्य मिळते. तिच्याच अंतर्गत फेब्रुवारी 2024 मध्ये 6,000 कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्य किसान समृद्धी सह-योजना मंजूर झाली. मासळीची सुरक्षितता आणि गुणवत्ता हमी व्यवस्था स्वीकारणे हा तिचा एक स्वतंत्र घटक आहे. सूक्ष्म उद्योगांना त्यात कामगिरीवर आधारित अनुदान मिळते: एकूण गुंतवणुकीच्या 25 टक्के किंवा 35 लाख रुपये, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 35 टक्के किंवा 45 लाख रुपये, दोन्हीत कमी असेल ती रक्कम. बचत गटांचे संघ, मत्स्य उत्पादक संस्था आणि सहकारी संस्थांसाठी ही मर्यादा 35 टक्के किंवा 2 कोटी रुपये आहे. लाभासाठी राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर नोंदणी आवश्यक आहे. हे अनुदान 'कामगिरीवर आधारित' आहे, म्हणजे आधी काम आणि मग पैसे. सुरुवातीच्या भांडवलाची सोय आपल्याला वेगळी करावी लागेल.

सुरुवात कुठून करावी

संस्थेने प्रमाणन कंपनीशी बोलण्याआधी स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. सर्व होड्यांची नोंदणी आणि परवाने आहेत का? या नोंदी 'रिअलक्राफ्ट' या राष्ट्रीय प्रणालीत ऑनलाइन होतात. कोणत्या दिवशी, कोणत्या जागी, किती आणि कोणती मासळी उतरली, याची वही कोणी ठेवते का? नसेल तर आजपासून ठेवावी. मूल्यांकनकर्त्याला अनेक वर्षांच्या नोंदी लागतात आणि मागची वर्षे नंतर भरून काढता येत नाहीत.

नियमांची पायरी आपल्याकडे आधीच तयार आहे. पश्चिम किनाऱ्यावर केंद्राच्या क्षेत्रात 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांची मासेमारी बंदी असते. एलईडी दिव्यांच्या साह्याने आणि दोन बोटींनी एक जाळे ओढून मासेमारी करण्यास केंद्राने 2017 मध्ये मनाई केली. केरळने 58 जातींसाठी धरण्यायोग्य किमान आकार निश्चित केला आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींसाठी. यांतला कोणता नियम आपल्या बंदरात खरोखर पाळला जातो आणि कोणता फक्त फलकावर आहे, हे मूल्यांकनकर्ता विचारणारच. उत्तर प्रामाणिक असलेले बरे, कारण हरकती जाहीरपणे मागवल्या जातात आणि शेजारच्या बंदरातले लोक त्या नोंदवू शकतात.

कोकणातल्या ज्या खाड्यांत बायका ओहोटीच्या वेळी तिसऱ्या आणि खुबे वेचतात, तिथे अष्टमुडीसारखा एखादा नियम प्रमाणपत्राविनाही लावून पाहता येईल. बंदीकाळ मात्र तिथला आकडा उचलून ठरवू नये. प्रजननाचे महिने खाडीनुसार बदलू शकतात, म्हणून आधी संशोधन संस्थेचा सल्ला घ्यावा.

परवाना, होडी नोंदणी आणि योजनांच्या अर्जासाठी महाराष्ट्रात जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी, इतर राज्यांत मत्स्य विभागाच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधावा. कॅच सर्टिफिकेट आणि शफरी यांबाबत एम्पेडाच्या जवळच्या विभागीय कार्यालयात चौकशी करावी. एमएससी मूल्यांकनाचा अर्ज थेट मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेकडे जातो. त्यासाठी कोणत्याही सरकारी कार्यालयात पैसे भरावे लागत नाहीत. तसे कोणी मागितल्यास देऊ नयेत.